घरच्या माणसाला बिल्ला नसतो

माझ्या काकांना आमच्या धक्क्यावर सगळे बिल्लेकाका म्हणत. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशीच कुणाच्या तरी तोंडून निघायचं, आणि तेव्हा ते स्वतःच क्षणभर इकडेतिकडे बघायचे. एकतीस वर्षं त्यांनी बेटाच्या बोटीवर एकच काम केलं. बेटावर उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात पितळेचा बिल्ला द्यायचा, परतताना तो मागून घ्यायचा आणि बोटीतल्या फळीवर त्याच्या नंबराच्या खिळ्याला अडकवायचा. साठ खिळे, साठ बिल्ले. एक जरी खिळा रिकामा दिसला तरी बोट हलायची नाही. सगळे खिळे भरले की काका ओरडायचे, "भरलं!" मग कप्तान इंजिन सुरू करायचा.

बेट आमच्या धक्क्यापासून पाऊण तासावर आहे. तिथे काय बघायचं, असं तिकिटाच्या खिडकीत मला रोज कुणीतरी विचारतं. मी सांगते, पांढरी वाळू आहे, वाळूत कासवांची घरटी आहेत, कड्यावर हजारो समुद्रपक्षी आहेत आणि पाहुण्यांच्या पिशव्या उचकटणारी निर्लज्ज हरणं आहेत. काकांना विचारलं असतंत तर त्यांनी तास घेतला असता. त्यांना माणसं नावाने कधी कळली नाहीत, नंबराने कळायची. "सतरा नंबर, चप्पल हातात घ्या, वाळू चटके देते!" "बत्तीस, पोराला खांद्यावरून उतरवा, पाखरं त्याची टोपी नेतील!" बत्तीस नंबरची टोपी जायचीच, आणि काका लहान मुलासारखे खूश व्हायचे.

काकू बेटावरच्या विश्रामगृहाची झाडलोट करायची. दोन खोल्यांचं विश्रामगृह, महिन्यातून एकदा पाखरांचा अभ्यास करणारी मंडळी येऊन राहायची, तेवढाच त्याचा उपयोग. काम तासाभराचं. उरलेला दिवस काकू कासवांना द्यायची. घरट्याभोवती काटक्यांचं कुंपण करायचं, कुणी त्यावर सतरंजी अंथरून बसलंच तर त्याला उठवायचं, आणि पिल्लं निघाली की ती पाण्यात पोचेपर्यंत पाखरांना हाकलत उभं राहायचं. काका म्हणायचे, "हिला माझ्यापेक्षा कासवं प्यारी. सावकाश आम्ही सगळेच चालतो, पण ती उलट बोलत नाहीत." काकू म्हणायची, "आणि घोरतही नाहीत."

आता मुख्य गोष्ट. बिल्ला फक्त पाहुण्यांना. कप्तान, मशीनवाला, काकू, कधीमधी मी, आम्हाला कुणाला बिल्ला नसे. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण धक्क्यावर तो सगळे पाळत. नव्याने लागलेल्या मशीनवाल्याने पहिल्या दिवशी बेटावर उतरताना हात पुढे केला, तर काका म्हणाले, "तू काय पाहुणा आहेस का रे?" तो बिचारा गोरामोरा झाला. घरच्या माणसाच्या हातात बिल्ला देणं म्हणजे त्याला परकं म्हणणं, असं आम्ही सगळे मानायचो आणि त्याचा आम्हाला अभिमानही होता.

काकूने एकदा सगळ्यांसमोर मागितला होता. "अहो, मलाही द्या की एखादा. गळ्यात घालते. तेवढाच दागिना."

"तू कुठे हरवणार आहेस? आणि हरवलीस तरी आवाजावरून सापडशील."

सगळी बोट हसली. मीही हसले. ते हसणं मला आजही आठवतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या दिवशी काकू सकाळच्या फेरीने गेली. मी खिडकीत होते. एका घरट्यातून आज पिल्लं निघणार, असं ती जाता जाता मला सांगून गेली. दुपारी एकनंतर आभाळ भरून आलं. बोट रोज पाचला सुटते, पण कप्तानाने तीनलाच सगळ्यांना परत आणायचं ठरवलं. त्याने तीन वेळा भोंगा वाजवला. पाहुणे धावत आले. त्या दिवशी त्रेचाळीस होते. काकांनी त्रेचाळीस बिल्ले गोळा केले, उरलेले सतरा फळीवर होतेच. साठ खिळे भरले. काका ओरडले, "भरलं!" आणि बोट सुटली.

काकू बेटाच्या पलीकडच्या अंगाला होती. वारा उलटा होता, तिला भोंगा ऐकू गेला नाही.

बोट चारला किनाऱ्याला लागली. पाऊस सुरू झाला होता. पाहुण्यांची पांगापांग झाली, मी खिडकी बंद करून सायकलवरून घरी आले, काका छत्री डोक्यावर धरून माझ्या पुढेच चालले होते. मी त्यांना ओलांडून गेले आणि घंटीही वाजवली. आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. त्या सगळ्या वेळात मलाही काकू आठवली नाही. सकाळी जिला मी हात हलवला होता, ती बोटीतून उतरली का, हे मी पाहिलं नाही. हे मी कुणी विचारायच्या आधी सांगून टाकते, कारण लोक काकांना बोलतात आणि मला कुणी काही म्हणत नाही.

पुढे दोन तास समुद्र शांत होता. पाऊस होता, वारा नव्हता. बोट जाऊन परत आली असती.

सहाच्या सुमाराला भिंतीपलीकडून मला काकांचा आवाज आला. झोपेतून उठल्यावर येतो तसा, जड. "चहा टाक गं." मग थोड्या वेळाने, "अगं, चहा." मग तिसऱ्यांदा त्यांनी काकूला हाक मारली, ती अर्ध्यावर तुटली. त्यानंतर जो आवाज आला, तो मी लिहू शकत नाही. मी धावत गेले तेव्हा ते अनवाणी रस्त्यावर पोचले होते.

तोवर वारा उठला होता. कप्तानाने बोट काढली. तो भला माणूस आहे, त्याने जीव धोक्यात घातला, पण बंदराच्या तोंडाशी लाटेने बोट दोनदा आडवी केली आणि त्याला परत फिरावं लागलं. वादळ दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी बोट गेली. काकू बेटाच्या धक्क्यावरच्या शेडमध्ये भिंतीला टेकून बसलेली सापडली. पिशवी मांडीवर, पिशवीत विश्रामगृहाची किल्ली. तिला दमा होता, आणि दम्याचा पंप घरी कपाटावर राहिला होता. डॉक्टर म्हणाले, पहिल्याच रात्री गेली असेल.

काकांना एकच मुलगी. तिला आम्ही चिंगी म्हणतो, आता चाळिशीला आली तरी चिंगीच. ती विमानाने जावं लागतं इतक्या लांबच्या शहरात इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करते. तिला फोन कप्तानाने केला. तो म्हणाला, "समुद्र खवळला होता, परत जाता आलं नाही." हे खोटं नव्हतं. त्याच्या आधीचे दोन तास त्याने वगळले, एवढंच. चिंगी आली, चार दिवस राहिली. त्या चार दिवसांत धक्क्यावरच्या एकाही माणसाने ते दोन तास तोंडातून काढले नाहीत. एरवी ज्यांच्या पोटात तीळ भिजत नाही, असली ती माणसं. काकांनीही काढले नाहीत. आणि मीही.

वाण्याच्या दुकानात मात्र कुणीतरी म्हणालं, "दिव्याखाली अंधार, दुसरं काय." मी त्या दुकानात पुन्हा पाऊल टाकलं नाही. कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दुकानापर्यंत जाते, महाग पडतं, पण तिथे जात नाही.

नंतर कचेरीने हुकूम काढला, बोटीत चढणाऱ्या प्रत्येकाला बिल्ला, अगदी कप्तानालासुद्धा. काकांनी किनाऱ्यावरचं काम मागून घेतलं. बेटावर ते पुन्हा गेले नाहीत. मोठ्याने बोलणंही सुटलं. पाहुण्यांच्या टोप्या उडत राहिल्या, पण कुणी हसायला नव्हतं.

चिंगी दर रविवारी फोन करायची. बोलून झालं की शेवटी ठरलेलं वाक्य असायचं. "बाबा, समुद्रापुढे कुणाचं चालतं? तुम्ही स्वतःला दोष देऊ नका." काका "हो" म्हणायचे आणि फोन ठेवायचे. रविवारी ते जेवायचे नाहीत. मी चिडायचे. म्हणायचे, "पोरगी धीर देते तर घ्या ना." ते म्हणायचे, "चोराला कुणी जेवायला वाढलं तर घास उतरतो का गं?"

सहा वर्षं अशी गेली. काका निवृत्त झाले आणि चिंगी त्यांना न्यायला आली. कायमचं. दोन तिकिटं काढली होती. तिच्या घरात काकांची खोली तयार होती, खिडकीतून बाग दिसते म्हणे. तिच्या लेकाने दारावर "आजोबा" असं लिहून चिकटवलं होतं, त्याचा फोटो तिने दाखवला. काकांनी तो फोटो दिवसातून चारदा तिच्याकडे बघायला मागितला. त्यांना जायचं होतं. इतकं हवंसं काही त्यांच्या चेहऱ्यावर मी सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांनी आपले तीन शर्ट स्वतः इस्त्री केले आणि एक जाळला.

"जाण्याआधी मला एकदा बेटावर जायचंय," चिंगी म्हणाली. "तेव्हा पाहुण्यांची बोट बंद ठेवली होती. आई जिथे होती ती जागा मी पाहिलेली नाही. तुम्ही चला माझ्याबरोबर."

मी काकांना स्वयंपाकघरात गाठलं. "काका, तिकडे काही बोलू नका हं. झालं ते झालं. तुम्हाला म्हातारपणी लेक मिळतेय, नातू मिळतोय. तोंडातून एक शब्द काढलात तर सगळं जाईल."

"मला कळत नाही का ते?" काका म्हणाले. "नाही बोलणार. काही झालं तरी नाही बोलणार."

त्यांनी मला तसा शब्द दिला होता, आणि तो मनापासून दिला होता.

सकाळच्या बोटीने आम्ही तिघं गेलो. बिल्ले द्यायला आता एक नवीन मुलगी आहे. तिने काकांना ओळखलं नाही. "आजोबा, हा हरवू नका हं," असं म्हणून तिने त्यांच्या तळहातावर बिल्ला ठेवला. काका बराच वेळ तो हातात धरून उभे राहिले. मागच्या पाहुण्यांनी "चला ना पुढे" म्हटलं, तेव्हा हलले.

ऊन छान होतं. खोटं कशाला बोलू, बेट सुंदर दिसत होतं. वाळू डोळ्यांत भरत होती, कड्यावर पाखरांचा बाजार भरला होता, आणि पाच मिनिटांच्या आत एका हरणाने माझ्या पिशवीतून रुमाल काढून खायला सुरुवात केली. चिंगी हसली. कासवांच्या घरट्यांभोवती आता तारेचं कुंपण आहे आणि फलक आहे. ती प्रत्येक घरट्यापाशी थांबली. एका जोडप्याने काकांना आपला फोटो काढायला सांगितलं, आणि काकांनी त्यांचे पाय कापून काढला. मला वाटलं, निभावलं.

मग आम्ही धक्क्यावरच्या शेडपाशी आलो. "इथे?" चिंगीने विचारलं. काकांनी मान हलवली. ती भिंतीपाशी खाली बसली, हाताने जमीन चाचपली. थोडी रडली. मग एकदम उठली, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि विश्रामगृहाच्या चढाने चालू लागली. आम्ही बाकावर बसून राहिलो. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता.

"अकरा मिनिटं," ती म्हणाली. "बाबा, मी मोजून आले. इथून विश्रामगृह अकरा मिनिटांवर आहे. आत गाद्या आहेत, गॅस आहे. किल्ली तिच्या पिशवीत होती. मग ती इथे का बसून राहिली?"

काका हातातल्या बिल्ल्यावरचा नंबर अंगठ्याने पुसत राहिले.

"सहा वर्षं मी कुणाला सांगितलं नाही, पण मला आईचा राग येतो. भयंकर राग येतो. समोर समुद्र खवळलेला दिसतोय, बोट येणं शक्य नाही, शेंबड्या पोरालाही कळेल. आणि ही बाई भिजत बसली! मूर्खपणा केला तिने. सरळ सरळ मूर्खपणा. स्वतःही गेली आणि तुम्हाला असं करून ठेवलं."

"तिला काही म्हणू नकोस," काका म्हणाले.

"का म्हणू नको? तुम्ही तिची बाजू कायम..."

"समुद्र खवळलेला नव्हता."

मी उठले. "काका, बोट लागायची वेळ झाली. चला." त्यांचा दंड धरला. बोटीला अजून तीन तास होते, हे चिंगीलाही माहीत होतं. काकांनी माझा हात हळूच बाजूला केला.

"चारला आम्ही किनाऱ्याला लागलो. सहापर्यंत समुद्र शांत होता. नुसता पाऊस. बोट येऊन तिला घेऊन गेली असती."

"मग आली का नाही?"

"मला ती आठवलीच नाही, पोरी. बिल्ले पुरे भरले होते. मी घरी गेलो आणि झोपलो."

चिंगीने माझ्याकडे पाहिलं, परत त्यांच्याकडे पाहिलं. "कधी आठवली?"

"उठल्यावर. चहा मागितला तेव्हा."

शेडमध्ये एक कुटुंब डबा उघडून बसलं होतं. त्यांची लहान मुलगी हरणाला हाकलत होती. काका चिंगीकडे बघून, अगदी सावकाश, एखाद्याला रस्ता सांगावा तसं बोलत होते.

"तिला इथून पाणी दिसत होतं. शांत पाणी. बोट गेलेली तिने पाहिली असेल, तेव्हा म्हणाली असेल, किनाऱ्यावर पोचले की ह्यांच्या लक्षात येईल, लगेच फिरतील. विश्रामगृहात जाऊन बसली असती तर बोट येऊन तिला शोधत राहिली असती, म्हणून हलली नाही. दोन तास थांबली. मग वारा उठला. तोवर ती चिंब भिजलेली, दमा उसळलेला. तो चढ तिला कसा चढवणार? तिने मूर्खपणा नाही केला. तिने हिशेब बरोबर केला होता. माझंच चुकलं. मी काहीही ऐकून घेईन, पण तिला मूर्ख म्हणू नकोस."

चिंगी माझ्याकडे वळली. म्हणाली, "तुला माहीत होतं?"

"हो."

"त्या दिवशी सकाळी तू खिडकीत होतीस."

"हो."

पुढचे तीन तास ती पलीकडच्या किनाऱ्यावर जाऊन बसली. बोटीतही आमच्यापासून लांब, पुढच्या टोकाला बसली. उतरताना काकांचा गुडघा अडकला, तेव्हा तिने हात दिला. ते नीट उभे राहिल्यावर सोडला.

घरी आल्यावर तिने आपली बॅग भरली. काकांची बॅग आधीच भरून दाराशी ठेवलेली होती. तिने ती उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली, आणि त्यावरून आम्हाला कळलं. मी काहीतरी बोलायला गेले. समजूत घालायला माझ्याइतकं नालायक माणूस त्या घरात दुसरं नव्हतं, पण तरी गेले. ती म्हणाली, "ताई, आत्ता नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. काका इस्त्रीने जाळलेलाच शर्ट घालून फाटकापाशी उभे होते. चिंगी त्यांच्यासमोर आली. तिचे डोळे सुजले होते, रात्रभर रडली असणार.

"बाबा, मला काही दिवस फोन करू नका."

"किती दिवस?" काकांनी विचारलं. लहान मूल विचारतं तसं विचारलं.

"माहीत नाही."

"बरं," ते म्हणाले. "सावकाश जा."

गाडी वळणावरून गेली. मला काकांचा राग आला होता. तो मी त्याच दिवशी काढला. म्हटलं, "कशाला बोललात? शब्द दिला होतात ना मला? लेक गेली, नातू गेला. काय मिळवलंत?"

काका पायरीवर बसले होते. "ती तिला मूर्ख म्हणाली गं," ते म्हणाले. "बिचारी तिकडे माझी वाट बघत बसली आणि पोटची पोर तिला मूर्ख म्हणतेय. आणि मी खोलीत बसून बाग बघू?"

मी उठले. आत जाऊन दोघांसाठी भात टाकला.

या गोष्टीला आता चौदा महिने झाले. काका थकलेत. रविवारी आता थोडं जेवतात. शब्दाला पक्के आहेत, त्यांनी चिंगीला एकदाही फोन केलेला नाही. मागच्या आठवड्यात मात्र मला म्हणाले, "तिचा नंबर बदलला नसेल ना गं?"

"नाही बदललेला," मी म्हटलं.

मला माहीत होतं, कारण मी दर रविवारी लावते. पूर्ण वाजतो. कुणी उचलत नाही.